अठरा आणि सत्तावीस

"यातला खरा आकडा कोणता, बाई?"

भरतेश चौगुलेने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर लिहिलं होतं अठरा. दुसऱ्यावर सत्तावीस.

केंकरेबाईंनी मान वर केली नाही. हातात पितळेची पट्टी घेऊन त्या नमुने दाबायच्या प्रेसच्या जाड पत्र्यावर चिकटलेलं प्लास्टिक खरवडत होत्या. पोलादी पट्टी घेतली असती तर काम झटपट झालं असतं, पण पत्र्यावर ओरखडे उठले असते. बाईंना घाई नव्हती.

घाई भरतेशला होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वाजता संचालकांच्या खोलीत भांडारातल्या मोहित्यांची चौकशी होती, आणि ती भरतेशच्याच अर्जावरून लागली होती.

"बाई..."

"ऐकलं."

पुन्हा खर्र खर्र सुरू.

केंकरेबाई बहात्तर वर्षांच्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी टेकडीवरच्या या संशोधन संस्थेत येत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसत. लांबच लांब साखळ्यांच्या पदार्थांत, म्हणजे पॉलिमरमध्ये, त्यांचं आयुष्य गेलं होतं. पोरं म्हणायची, बाईंकडे उत्तर मागायला जावं आणि भलताच प्रश्न घेऊन खाली यावं. ज्यांना नुसतं उत्तर हवं असे, ते वर चढतच नसत.

भरतेश तीन वर्षांत एकदाही चढला नव्हता. त्याला तशी गरजच पडली नव्हती.

पोरगा हुशार, यात वाद नाही. शिरोळकडच्या एका गावातून आलेला, विद्यापीठात पहिला. पण हुशारीबरोबर एक खोड फुकटात मिळते. आपण जिकडे पाहत नाही तिकडे पाहण्यासारखं काही नसतंच, असं वाटायला लागतं. भरतेशला ती खोड पुरेपूर होती.

त्याने संशोधनाला घेतलेला पदार्थ मोठा लहरी होता. द्रवस्फटिकी कोपॉलिमर. साधं प्लास्टिक वितळलं की त्याच्या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या गुंततात. याच्या साखळ्या मात्र वितळल्यावरही एका दिशेला तोंड करून शिस्तीत राहतात. पण प्रत्येक साखळीत दोन जातींच्या कड्या, एक ताठ आणि एक लवचीक, त्याही मनाला येईल तशा ओवलेल्या. त्यामुळे शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना धड लागून बसत नाहीत आणि सगळा पदार्थ काही स्फटिक होत नाही. शंभरातला जेवढा भाग होतो, ती त्याची स्फटिकता. भरतेशचा सगळा प्रबंध या एका आकड्यावर उभा होता.

अठरा टक्के.

फेब्रुवारीत त्याने चाळीस पट्ट्या प्रेसमध्ये दाबून काढल्या, बर्फाच्या पाण्यात बुडवल्या, पुसल्या आणि तिथल्या तिथे मोजल्या. चाळीसच्या चाळीस अठराच्या आसपास. पट्ट्या सांभाळायला भांडारातल्या मोहित्यांकडे दिल्या आणि तो लिहायला बसला.

ऑगस्टच्या शेवटी बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. प्रबंध आवडला, एकच विनंती आहे, जपून ठेवलेल्यांपैकी पाच पट्ट्या पुन्हा मोजून आकडे कळवावेत. भरतेश शीळ घालत मोजायला गेला.

पाचही पट्ट्या सत्तावीसवर.

एवढ्यावर भागलं नाही. पट्टीला हलकेच वाकवून ती किती वेळाने सैल पडते, हे मोजणारं यंत्र खालच्या मजल्यावर होतं. फेब्रुवारीत ज्या पट्ट्या ताण दिला की बऱ्यापैकी लवकर सैल पडत, त्या आता अडून बसल्या होत्या. त्याने नव्या पट्ट्या करून पाहिल्या. नव्या पुन्हा अठरा. जुन्या पुन्हा मोजल्या. पुन्हा सत्तावीस.

त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. जेवण जाईना. गावाकडे थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेत 'डॉ. भरतेश (काका)' असं छापूनही झालं होतं. आई रोज फोनवर विचारायची, मिळाली का रे पदवी. तो म्हणायचा, मिळालीच म्हण.

मग एका सकाळी दात घासताना त्याला उलगडा झाला. नव्या पट्ट्या अठरा देतात म्हणजे पदार्थ बरोबर, यंत्र बरोबर आणि आपणही बरोबर. मग चुकीच्या कोणत्या? जुन्या. म्हणजे त्या आपल्या नव्हेतच. भांडारात कोणीतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आणि भांडारात होते कोण? मोहिते.

इतका सरळ हिशोब त्याला महिनाभर सुचला नव्हता याचंच त्याला नवल वाटलं. त्याच दिवशी त्याने अर्ज दिला. मोहित्यांनी बावीस वर्षांत कोणाची टाचणीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती, पण अर्ज लेखी होता आणि लेखी अर्जाची चौकशी करावीच लागते. चौकशीत मोहिते दोषी ठरले की परीक्षकांना कळवायचं, नमुने बदलले गेले, सत्तावीसचे आकडे रद्द समजावेत. अठरा टिकला की प्रबंध टिकला.

सगळं ठीक चाललं होतं. फक्त आज जेवणाच्या सुट्टीत जिन्यात मोहिते दिसले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. भरतेशला पाहून ते बाजूला झाले आणि नेहमीसारखं म्हणाले, "या साहेब." तेवढंच. आणि तिथून पायांनी त्याला कधी नव्हे ते तिसऱ्या मजल्यावर आणून सोडलं होतं.

हे सगळं त्याने बाईंना एका दमात सांगितलं. इस्त्रीचा शर्ट तेवढा वगळला.

बाईंनी पितळी पट्टी खाली ठेवली.

"हात."

"काय?"

"हात पुढे कर."

त्याने हात पुढे केला. बाईंनी मनगटावर तीन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. भरतेशला वाटलं, म्हातारीला आपली काळजी वाटली असेल. त्याला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

मिनिटभराने बाईंनी हात सोडला. त्याच्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: भरतेश चौगुले, एकशे बारा.

"हे काय बाई?"

"तुझी नाडी."

"अहो, मी तीन जिने धावत आलोय. लिफ्ट बंद आहे. ही काही माझी नाडी नव्हे."

"मग कोणाची?"

भरतेशला हसावं की चिडावं ते कळेना. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"मला जरा बसू द्या. मग मोजा."

"बस."

तो बसला. त्याचा गुडघा आपोआप हलत होता, तो त्याने हाताने दाबून धरला. बाईंनी पत्रा उलटा केला आणि दुसरी बाजू खरवडायला घेतली. थोड्या वेळाने पुन्हा मनगट धरलं.

"शहाण्णव. हा लिहू?"

"अजून थोडा वेळ..."

"किती?"

त्याने टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर दोन कागद होते. एकावर अठरा, दुसऱ्यावर सत्तावीस. त्याच्या डोळ्यांपुढे त्याचाच प्रबंध आला, दुसरं प्रकरण, चाळीस पानं. तापलेला पदार्थ एकदम गार केला की साखळ्या आहे त्या अवस्थेत अडकून पडतात, मग सवड मिळेल तशा हळूहळू सरकतात, एकमेकींत बसतात, निवतात. शिथिलन. शब्दही त्यानेच हौसेने वापरला होता. शिथिलनावर चाळीस पानं लिहिणाऱ्या माणसाने पट्टी पाण्यातून काढल्याबरोबर मोजली होती आणि तोच तिचा स्वभाव म्हणून लिहून टाकला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून काय वेगळा असतो?

पण हुशार माणूस सहजासहजी हार मानत नाही. त्याला पळवाट सापडली.

"नाही बाई. तसं नाही होणार. एकेचाळीस अंशांच्या खाली या साखळ्या हलतच नाहीत. ते मीच मोजलंय. आणि नमुने पंचवीस अंशांवर ठेवलेले होते. वर्षभर ठेवले तरी फरक पडायचा नाही."

"पंचवीस."

"हो. प्रबंधात लिहिलंय तसं."

"कोणी?"

"मी."

"वाचून की पाहून?"



त्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस अंश होते. भिंतीवर एसीचा मोठा डबा होता, बारा महिने घुमायचा. संस्थेत सगळीकडे तसंच असणार. भांडार चौथ्या मजल्यावर होतं. तिथे तो कधी गेला नव्हता. फोन केला की मोहिते पट्ट्या घेऊन खाली येत.

"कपाट कुठल्या भिंतीला आहे?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"जाऊन ये."

"बाई, चार वाजता..."

"म्हणून तर आत्ता."

चौथ्या मजल्यावर गच्चीखाली एकच लांबट खोली होती. दाराशी स्टुलावर मोहिते बसले होते. चारपर्यंतचा वेळ काढायला त्यांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने पुसायला घेतल्या होत्या, आणि शर्टाला डाग पडू नये म्हणून छातीवर एक जुनं वर्तमानपत्र अडकवलं होतं. भरतेशला पाहून ते उठले.

"मोहिते, माझ्या पट्ट्या कुठे असतात?"

मोहित्यांनी बोट दाखवलं. खोलीच्या टोकाला पश्चिमेच्या भिंतीला लागून करड्या रंगाचं लोखंडी कपाट उभं होतं. पाऊस थांबून दोन दिवस उघडीप होती, आणि दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्याच्या दारावर आलं होतं. भरतेशने दाराला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

सप्टेंबरात ही तऱ्हा.

"इथेच असतात? बारा महिने?"

"मग कुठं न्यायचं साहेब? कपाट येवढं एकच हाय."

कपाटाच्या कडेला खिळ्यावर एक कॅलेंडर लटकत होतं. सण-एकादश्या छापलेलं, घरोघरी असतं तसलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडा लिहिलेला होता. एकतीस. बत्तीस. एकोणतीस.

"हे काय लिहिलंय?"

"पारा हाय. कपाटाच्या आतला. दुपारी एक वाजता बघून लिवतो."

"कोणी सांगितलं?"

"केंकरेबाईंनी. त्या इथं कामाला हुत्या तवा. थर्मामीटर त्येंनीच दिला, आत टांगलाय बघा." मोहित्यांनी कॅलेंडर खिळ्यावर सरळ केलं. "बाई रिटायर झाल्या. पर आता लिहायचं थांबवा, असं कुणी म्हणलं न्हाई."

भरतेशने कॅलेंडरची पानं मागे उलटली. जुलै. जून. मे.

बेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. सेहेचाळीस.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याने मोजत नेलं. एकेचाळीसच्या वर गेलेले अडतीस दिवस निघाले. अडतीस दुपारी त्याच्या पट्ट्या या भट्टीत पडून होत्या आणि आतल्या साखळ्या कोणी बघत नसताना एकमेकींत सरकून बसत होत्या. त्याच पट्ट्या. चिठ्ठ्या जागच्या जागी. त्याने प्रबंधात लिहिलेलं पंचवीस अंशांचं वाक्य तेवढं धडधडीत खोटं होतं.

तो कपाटाला टेकणार होता, पण कपाट तापलेलं होतं.

"म्या सांगितलं हुतं तुमास्नी," मोहिते म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"मे म्हैन्यात. फोनवर. म्हणलं, कपाट लई तापतंय, तुमच्या पट्ट्या खाली एसीत नेऊन ठिवू का. तर तुमी म्हणालात..."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं.

"काय म्हणालो मी?"

"ऱ्हाऊ द्या."

"सांगा, मोहिते."

"म्हणालात, तुमचं काम ठेवायचं. विचार करायचं काम आमचं."

भरतेशने आठवून पाहिलं. मे आठवला. लिहिण्याची धांदल आठवली. फोन आल्याचंही अंधुक आठवलं. ते वाक्य आठवेना. पण वाक्य त्याचंच होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. आपल्याला विसरून जाण्याइतकं ते आपल्याला साधं वाटलं होतं, या गोष्टीची त्याला भीती वाटली.

"तुमचा लेखी जबाब घेतला ना? त्यात हे का नाही सांगितलं?"

"त्येंनी विचारलं, पट्ट्या बदलल्या का. म्या म्हणलं, न्हाई. येवढंच विचारलं त्येंनी."

"अहो, पण..."

"आन् तुमास्नी आठवंल, आसं वाटलं."

भरतेशने कॅलेंडर मागितलं. मोहित्यांनी ते खिळ्यावरून काढून दिलं, फक्त एवढं सांगितलं की पानं फाडू नका, मागच्या बाजूला घरच्या गॅसच्या तारखा लिहिल्या आहेत.

तीन वाजून गेले होते.

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर भरतेश थांबला. काखेत कॅलेंडर होतं.

खरं तर आता काहीच अवघड राहिलं नव्हतं आणि म्हणूनच सगळं अवघड झालं होतं. हे कॅलेंडर त्याने पाहिल्याचं मोहित्यांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं; बाईंनी ओळखलं असतं, तरी त्या आपणहून खाली जाऊन सांगणाऱ्या नव्हत्या. चार वाजता चौकशी होईल. मोहित्यांना विचारतील, पट्ट्या बदलल्या का, ते म्हणतील नाही, आणि विचारणारे एकमेकांकडे पाहतील. एक शेरा लागेल. अठरा टिकेल. दिवाळीपर्यंत पदवी मिळेल, पत्रिकेत छापलेलं खरं होईल आणि आईला फोनवर दिलेलं उत्तरही खरं होईल. आणि कॅलेंडर दाखवलं तर? प्रबंध परत. मोजमापांचं पाचवं प्रकरण सगळं नव्याने. वर्ष गेलं. भाऊबंदांत हसं होईल ते वेगळंच.

लबाडी करायला माणूस मुळात वाईटच असावा लागतो असं नाही. भ्यायलेला असला तरी चालतं. भरतेश त्या वळणावर पाच-सात मिनिटं उभा होता आणि त्या वेळात त्याने काय काय योजलं, ते त्याने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. मोहिते साधे आहेत, शेऱ्याने त्यांचं काय बिघडतं, इथपर्यंत तो पोचला होता. तिथे त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण शिसारी येऊनही पाय हलले नाहीत, हेही खरं.

खालून खर्र खर्र असा आवाज येत होता. बाई अजून तो पत्रा खरवडत होत्या. दार उघडं होतं. त्यांनी हाक मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. हाक आली नाही.

तो खाली उतरला. बाईंच्या दारावरून गेला, आत पाहिलं नाही. दुसरा मजला, पहिला मजला, तळमजला. संचालकांच्या खोलीबाहेर लिपिक मॅडम बसल्या होत्या.

"अर्ज मागे घ्यायचाय," भरतेश म्हणाला.

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं झालीत, खोलीत खुर्च्या मांडून झाल्यात, असं त्यांनी ऐकवलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. नुसतं मागे घेता येत नाही, कारण लिहून द्यावं लागतं.

त्याने लिहिलं, गैरसमजामुळे. खोडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, तांत्रिक कारणांमुळे. तोही कागद चुरगळला. मॅडम घड्याळ बघत होत्या. तिसऱ्या कागदावर त्याने लिहिलं: "नमुने तेच आहेत. ते कुठे ठेवले जातात हे मी पाहिले नव्हते. श्री. मोहिते यांनी मे महिन्यात सांगितले होते, ते मी ऐकले नाही. चूक माझी आहे." खाली सही केली. सहीच्या आधी त्याने नेहमीच्या हौसेने 'डॉ.' लिहिलं नाही, हे मॅडमच्या लक्षात आलं नसेल, पण त्याच्या आलं.

मॅडमनी कागद वाचला, आत नेला, बाहेर आल्या आणि भांडारात फोन लावला. "मोहिते मामा, चार वाजता यायचं नाही. हो. रद्द. मागं घेतलाय त्यांनी... मला नाही माहीत मामा, तुम्ही त्यांनाच विचारा."

परत जिना चढताना भरतेशला इतकं हलकं वाटत होतं की त्याने दोन दोन पायऱ्या एकदम घेतल्या. प्रबंध लांबणीवर पडला होता, वर्ष पाण्यात गेलं होतं, आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. वर येईपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ते पुसलं नाही.

केंकरेबाई पत्रा स्वच्छ करून उजेडाकडे धरून बघत होत्या.

"तेच नमुने आहेत बाई," तो दारातूनच म्हणाला. "बदललेत ते आतून. कपाटात सेहेचाळीस अंश होते. मी अर्ज मागे घेतला. चूक माझी, असं लिहून दिलं."

"हं."

"परीक्षकांनाही कळवतो. दोन्ही आकडे कळवतो. कॅलेंडर जोडतो. वर्ष जाईल."

"जाईल."

बाईंच्या आवाजात शाबासकी नव्हती आणि रागही नव्हता. भरतेश दोन पावलं आत आला.

"बाई, मोहितेमामांनी मला सांगितलं होतं. मी काय बोललो होतो ते तुम्हाला..." त्याने ते वाक्य तिथेच सोडलं. "मला आठवतसुद्धा नव्हतं हो. त्या माणसाने आज इस्त्रीचा शर्ट घातलाय. मी जातो वर. आत्ताच्या आत्ता त्यांच्या पाया पडून माफी मागतो. मागितल्याशिवाय मला घास गिळायचा नाही."

तो वळला.

"भरतेश."

तो थांबला.

"आज नको."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो बाईंकडे बघत राहिला. गालावर ओघळ तसेच होते.

"बाई, मी मनापासून सांगतोय."

"दिसतंय. फेब्रुवारीत अठराही दिसला होता."

"मग...?"

बाईंनी पत्रा प्रेसमध्ये सरकवला. वरचा पत्रा त्यावर बसवला, कडा बोटाने चाचपून पाहिल्या. भरतेश काखेतलं कॅलेंडर सावरत उभा होता.

"त्यांचं कॅलेंडर परत द्यायला तर जायलाच हवं," तो शेवटी म्हणाला.

"ते आज दे."

"आणि माफी?"

"मे महिना जाऊ दे," केंकरेबाई म्हणाल्या. "तेव्हा उरली असेल, तर माग."